मधली पायरी

गायकवाडकाका जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबायचे. चढतानाही आणि उतरतानाही. आमच्या कारखान्यात शेठच्या केबिनला जाणारा एक लोखंडी जिना होता, तेरा-चौदा पायऱ्यांचा. बरोबर मध्यावर आले की काका चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत, परत डोळ्यांवर चढवत आणि मगच पुढे पाऊल टाकत. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा दमला. पहिले दोन महिने मलाही तसंच वाटलं. दमबिम काही लागत नव्हता. तेवढ्या वेळात वरचं बोलणं खाली नेण्यालायक होत असे आणि खालचं वर.

अंबरनाथ एमआयडीसीत रंगाचे पत्र्याचे डबे बनवायचा आमचा कारखाना. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. घर अंबरनाथ पूर्वेला, शेअर रिक्षानं वीस मिनिटांत कामावर. पन्नास-साठ कामगार, धडाधड पत्रा ठोकणाऱ्या प्रेसा, आणि वर काचेच्या केबिनमध्ये आमचे उल्हासनगरचे सिंधी शेठ. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण तोंड! सकाळी पहिला चहा गार आला तरी सात पिढ्यांचा उद्धार. हजेरीपटावर काकांचा हुद्दा टाइमकीपर होता. खरं काम एकच, शेठचं म्हणणं खाली सांगायचं आणि खालचं शेठना. कामगार त्यांना पाठीमागे ‘गाळणी’ म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. “गाळणी नसेल तर चोथा कुणाच्या तोंडात जाईल?” असं एकदा त्यांनीच मला विचारलं.

एक नमुना सांगते. भोईर नावाचा आमचा सगळ्यात जुना कारागीर होता, बदलापूरच्या बाजूच्या गावातला, हात सोन्याचे आणि जीभ कोयत्याची. झाकण ठोकायचा साचा, त्याला आम्ही डाय म्हणायचो, तो बसवावा तर भोईरनंच. एकदा डाय बसायला उशीर झाला आणि शेठ केबिनमधून ओरडले, “उसको बोल, हाथ में मेहंदी लगाके बैठा है क्या? नहीं होता तो घर जा, भैंस चरा!” काका जिना उतरले, मध्ये थांबले, चष्मा पुसला, आणि खाली जाऊन म्हणाले, “भोईर, शेठ म्हणतात घाई करू नको, पण नीट बसव. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?” भोईर उसळला. “सांग त्या शेठला, सोताच ये म्हनावं खाली न् घाल हात डायमदी!” काका परत वर. “शेठ, भोईर म्हणतो, एकदा मोठ्या माणसाची नजर पडली तर बरं होईल.” शेठ खूश होऊन खाली आले, भोईरच्या पाठीवर थाप मारून गेले. मी टंकलेखन सोडून आ वासून बघत बसले होते.

नुसतं गाळून काका थांबत नसत. प्रत्येक निरोपाच्या शेवटी पदरचं एक वाक्य जोडायचे, “आणि शेठनी विचारलंय, घरी सगळे बरे आहेत ना?” शेठनी बापजन्मात कुणाची चौकशी केली नव्हती. पण ते वाक्य ऐकलं की माणसाचा चेहरा उतरता उतरता सावरायचा. “सांगा, बरे आहेत,” असं तो म्हणायचा आणि कामाला लागायचा. भोईरला रामराम, आपल्या वस्तीतल्या पोरांना जयभीम, युपीच्या वेल्डरला त्याच्या तऱ्हेचा नमस्कार. ज्याचं त्याला, हे काकांचं गणित कधी चुकलं नाही.

मग शेठचा मुलगा, आमचे धाकटे शेठ, शिकून आले. त्यांना सगळं ‘डायरेक्ट’ हवं होतं. वरून खाली इंटरकॉम बसवला. काकांनी तो फोन मुकाट्यानं स्वतःच्या टेबलावर आणून ठेवला, म्हणे खाली प्रेसच्या आवाजात ऐकू येत नाही. मग सूचनापेटी आली, हिरव्या रंगाची, कुलूप लावलेली. कामगारांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव नको. किल्ली अर्थातच काकांकडे. महिन्यानं धाकट्या शेठनी पेटी उघडली तेव्हा आत बावीस चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या ‘विनंती की’नं सुरू होणाऱ्या आणि सगळ्या एकाच वळणदार अक्षरातल्या. “पापा, इन सबका हँडरायटिंग सेम कैसे है?” शेठ चिठ्ठ्या उलटसुलट करत म्हणाले, “अच्छा लिखते हैं सब लोग.” मूळ चिठ्ठ्या काकांनी घरी नेऊन जाळल्या होत्या. त्यात काय होतं ते मी विचारलं तर म्हणाले, “पोरी, तू लग्नाची आहेस. ते ऐकू नये.”

मी स्वभावानं फटकळ. मला हे सगळं पटत नसे आणि मी ते तोंडावर सांगे. “काका, हा शुद्ध खोटेपणा आहे. ज्याचं त्याला कळू द्या ना एकदा.” ते हसायचे. “चहा उकळला म्हणून कुणी पातेलं अंगावर ओततं का? कपात घालून देतात.” एकदा मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी मला आतली गोष्ट सांगितली. कामगार काही मागायचे, जादा पंखा, बाथरूमला दार, लग्नाची रजा. काही मागण्या अशा असत की शेठ ऐकूनच भडकतील. त्या काका वर नेतच नसत. जिन्याच्या मध्यापर्यंत जायचे, चष्मा पुसायचे, परत यायचे आणि सांगायचे, “शेठ विचार करतो म्हणालेत.” “हे वाक्य ऐकलंस की समजायचं,” काका म्हणाले, “मी शेठला विचारलेलंच नाही.” मी कपाळावर हात मारला. ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, “दुसऱ्यांचं बोलणं वाहून वाहून माझं स्वतःचं कुठं ठेवलंय तेच आता सापडत नाही बघ.”

त्यांचं स्वतःचं म्हणजे काकू. काकूंना दमा होता. काकांची खोली उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात. संध्याकाळ झाली की तिथे हवेत असा उग्र वास उतरायचा की धडधाकट माणसाचा घसा खवखवावा. डॉक्टरांनी सांगितलं, जागा बदला. म्हणून काकू मुरबाडजवळच्या त्यांच्या गावी दिराच्या घराशेजारी एक खोली बांधून राहिल्या आणि तिथे त्यांना खरंच बरं वाटू लागलं. काका इथे एकटे. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी काका कल्याणहून एसटी पकडायचे आणि शनिवारी सकाळी परस्पर कामावर यायचे. शनिवारी माझ्या टेबलावर एक पिशवी असायची. कधी करवंदं, कधी शेंगा, कधी नुसती कर्टुली. “काकूनं दिलंय, तुझ्या आईला दे.” आठवड्यातला तो एक दिवस हा माणूस मोकळं हसायचा. जायची वेळ झाली की काकू दर वेळी एकच विचारायच्या म्हणे, “कधी सुटका हो तुमची?”

सुटका कशी होणार! एका बुधवारी गावाहून निरोप आला, काकूंचा श्वास अडकला, दवाखान्यात आहेत. काका तसेच निघाले. त्या दिवशी मालाची गाडी लागलेली आणि डाय पुन्हा अडलेला. शेठनी मला सांगितलं, भोईरला वर पाठव. मी पाठवलं. काकांशिवाय त्या दोघांची समोरासमोर गाठ पडायची ती बहुतेक पहिलीच वेळ. शेठ मेहंदी, म्हैस, सगळं बोलले. भोईरही ऐकून घेणारा नव्हता. त्याच्या भाषेत त्यानं जे सुनावलं ते काचेतून खालपर्यंत ऐकू आलं. दोन मिनिटांत प्रेसा बंद. सगळे कामगार हात पुसत जमिनीवर बसले.

मजा अशी की दोघांनाही राग कमी आणि धक्का जास्त होता. भोईर माझ्यापाशी येऊन अक्षरशः रडायला आला. “येवढी वर्सं मान्सानं माज्या पोराबालांची चौकशी केली, न् आज यकाएकी काय झाला याला?” वर शेठ डोकं धरून बसलेले. “भोईर ऐसा नहीं था. कितनी इज्जत से बोलता था! किसने भडकाया उसको?” मला हसावं की रडावं कळेना. गुरुवारी दुपारी काका आले, तोंड सुकलेलं, शर्ट कालचाच. काकूंना सलाईन लावून आले होते. आल्या आल्या वर गेले आणि सांगितलं, भोईरच्या घरी अडचण आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. खाली आले आणि सांगितलं, शेठची साखर वाढलीय, डॉक्टरनं बोलायचीच बंदी केलीय. तासाभरात प्रेसा सुरू. संध्याकाळी शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “साईं, गायकवाड के बिना ये फॅक्टरी एक दिन नहीं चलती.” कामगारांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मी पाहिला. कोंडवाड्याचं दार बाहेरून लावल्यावर आतल्या जनावराचा होतो तसा झाला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काकांनी मला बाजूला घेतलं. “पोरी, माझं एक काम करशील? शेठला एक निरोप सांगायचाय.” मला हसूच आलं. “तुमचा निरोप, आणि मी सांगू?” ते हसले नाहीत. “तीनदा गेलो गं मी. सोडतो म्हणून सांगायला. मधल्या पायरीवर पाय आपोआप थांबतो. वर पोचेपर्यंत ‘शेठ, शुक्रवारला जोडून शनिवार द्याल का’ एवढंच उरतं.” “मग लिहून द्या.” “लिहिलं. वाचून बघितलं तर वर विनंती, खाली आपला नम्र. मधला राजीनामा कुठं गेला मलाच कळेना.” मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघून एकेक शब्द मोजून सांगितला. “सांग, गायकवाड या महिन्याच्या शेवटी काम सोडतो. बायको गावी एकटी आहे, आजारी आहे, तिच्याजवळ जातो. बास. तुझं तोंड फटकळ आहे म्हणून तुला सांगतोय. हे गाळू नकोस.”

मी निघाले. आणि जिना चढताना, मी, जी त्यांना खोटारडे म्हणत होते, मधल्या पायरीवर थांबले. त्या दिवसांत मी कल्याणला सरकारी परीक्षेचा क्लास लावला होता, संध्याकाळी साडेसहाचा. पास होईन आणि या पत्र्याच्या गोंगाटातून कायमची सुटेन, एवढा एकच ध्यास होता. काका गेले तर त्यांच्या जागी कोण? शेठ दुसऱ्याच दिवशी मलाच त्या जिन्यावर उभं करणार. वरच्या शिव्या खाली, खालच्या वर, रात्री आठपर्यंत. क्लास संपला, परीक्षा संपली, मी पण काकांसारखी तिथेच म्हातारी होणार. हे सगळं मला त्या पायरीवर लख्ख दिसलं. पुसायला चष्मा नव्हता, म्हणून ओढणीचं टोक पिळत उभी राहिले.

वर शेठ फोनवर कुणावर तरी बरसत होते. फोन आपटून म्हणाले, “क्या है? जल्दी बोल.” मी बोलले, “सर, काका बहुत थक गये हैं. उनको थोडा आराम चाहिए.” शेठचा आवाज एकदम उतरला. “हां, उसकी घरवाली बीमार है ना. बोल उसको, दो-तीन दिन मत आए. गांव जाके आए.” बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं. मी “जी सर” म्हणाले आणि वळले.

काका जिन्याखालीच उभे होते. शाळेच्या निकालाला उभं राहावं तसे. मी म्हणाले, “शेठ विचार करतो म्हणालेत.”

माझ्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं आणि मला कळलं मी काय बोलले ते. माझ्याशिवाय जगात एकच माणूस होता ज्याला त्या वाक्याचा अर्थ माहीत होता आणि मी ते त्यालाच सांगितलं होतं. काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. “बरं,” म्हणाले, “करू देत विचार.” आणि हजेरीपट उघडून बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्यांनी मला चांगलं झापलं असतं तर मी त्याच पावली वर पळत जाऊन खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. खरं-खोटं देव जाणे.

उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले, शेठनी दिलेली सुट्टीही सांगायची राहिली. दिवाळीच्या आधी एका शनिवारी माझ्या टेबलावर पिशवी नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. पुढच्याही शनिवारी नव्हती. मग काकाच म्हणाले, “काकू परत आली. म्हणाली, तुम्हाला येता येत नाही, तर मीच येते. एकट्यानं जेवण जात नाही म्हणाली.” मी खाली मान घालून टाइप करत राहिले. काय टाइप करत होते ते आठवत नाही. परीक्षेत मी नापास झाले ते वेगळंच. क्लास सुटला, मी त्याच टेबलावर, काका त्याच जिन्यावर. थंडीत उल्हासनगरची हवा खाली बसते, तेव्हा काका सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचे. काकूंना उशी लावून बसवून रात्र काढलेली असायची.

दोनेक वर्षांनी धाकट्या शेठनी कारखाना गुजरातकडे हलवायचं ठरवलं. मशिनं एकेक करून ट्रकवर चढली. शेवटच्या आठवड्यात वरच्या केबिनमध्ये शेठ एकटेच खोक्यांच्या मध्ये बसले होते. मी चाव्या द्यायला गेले. कारखान्यात आवाज नव्हता, त्यामुळे असेल, पण या वेळी मी जिन्यावर थांबले नाही. सगळं सांगितलं. काकांचा निरोप, शब्दाला शब्द. दोन वर्षं उशिरा.

शेठ ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातून चाव्या घेतल्या. मग म्हणाले, “बेटा, तूने उस दिन बोला क्यों नहीं? मैं राक्षस हूं क्या? मैं खुद गाडी में बिठाके उसको गांव छोडके आता.” चाव्या हातात खेळवत राहिले. “तीस साल में मेरे को किसीने सीधी बात बोली ही नहीं. मैं समझता था सब खुश हैं.” मला त्या क्षणी त्यांचीही दया आली. आम्ही सगळे त्या एका जिन्यावर अडकलेलो होतो आणि वरचा माणूसही त्यातून सुटलेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी काकांकडे गेले. ठरवून गेले होते, पाय धरायचे आणि सांगून टाकायचं. खोली पहिल्या मजल्यावर. खिडक्या बंद, फटींना ओलं फडकं लावलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खाटेवर काकू, तीन उशांना टेकून. किती बारीक झाल्या होत्या! तरी उठून चहा टाकायला निघाल्या. मी म्हणाले, “काकू, आता तर कारखानाच बंद झाला. आता चला गावी दोघं.” त्या हसल्या. “आता कुठलं गं. डॉक्टर म्हणतात, हाकेच्या अंतरावर हॉस्पिटल पाहिजे. गावी कुठलं आलंय?” मग श्वास गोळा करून त्यांनी अगदी साधेपणानं मला विचारलं, “तुझ्याकडं यांनी निरोप दिला होता ना गं शेठसाठी? तू सांगितलं होतंस ना त्यांना? काय म्हणाले होते?”

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच काका स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणाले, “सांगितलं ना तिनं. मी बोललो तस्संच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. शेठच नाही म्हणाले. तिचा काय दोष?” काकूंनी मान हलवली आणि माझा हात हातात घेऊन थोपटला. “तू तरी काय करणार पोरी,” म्हणाल्या. तो चहा मी कसा प्यायले माझं मला माहीत. काकांनी चहा गाळून दिला होता, साखर बेताची, माझ्या आवडीची.

निघताना काका सोडायला खाली आले. त्यांच्या चाळीचा जिना लाकडी, अंधारा. मध्यावर आले आणि सवयीनं थांबले, चष्म्याला हात घातला. मी म्हटलं, हीच वेळ. “काका, मी शेठना भेटले. त्या निरोपाचं सगळं सांगितलं त्यांना. ते म्हणाले...”

“पोरी,” काकांनी मला तिथेच अडवलं. वरून काकूंचा खोकला ऐकू येत होता, थांबतच नव्हता. काका शर्टाच्या टोकानं काच पुसत होते. “गाळून सांग.”

काय म्हणायचं होतं, काय ठरवून आले होते, त्यातलं काहीच उरलं नाही.

“शेठनी विचारलंय,” मी म्हणाले, “घरी सगळे बरे आहेत ना?”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “सांग त्यांना,” म्हणाले, “सगळे बरे आहेत.” आणि मला रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला माझ्यासोबत उभे राहिले.